न नोंदलेली मिमाई

त्या सोमवारी मी ऑफिसात पोचले तेव्हा पावणेनऊ झाले होते. नारिता-सान रॉकेलच्या स्टोव्हपाशी हात शेकत बसल्या होत्या. बाहेर बर्फ पडत होता, म्हणजे नेहमीसारखंच. उत्तर जपानातल्या आमच्या योकोतेमध्ये फेब्रुवारीत दोन दिवस बर्फ पडला नाही तर माणसं एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात.

आमची कंपनी लहान. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी आम्ही पाणी गरम ठेवणारा विजेचा पॉट देतो. माणूस सकाळी उठला की चहासाठी पॉटचं बटण दाबतो, आणि तो दाब आमच्याकडे निरोप होऊन येतो. उठली आजी, ठीक आहे आजी. दहा वाजेपर्यंत निरोप आला नाही तर नारिता-सान फोन करतात. त्यांचं वय बासष्ट. कंपनी सुरू झाली त्या दिवसापासून त्या फोनवर आहेत आणि अकराशे घरांतली कोणती आजी तिसऱ्या घंटेला फोन उचलते, कोणते आजोबा नवव्या, हे त्यांना तोंडपाठ आहे.

मी प्रोग्रॅम लिहिते. माझ्या आधी ते काम कागाया-सान करायचे. त्यांना मी कधी भेटले नाही, पण दोन वर्षं त्यांनी लिहिलेल्या ओळी वाचत होते, आणि तेवढ्याने माणूस बराच कळतो. जपून लिहायचे. उगाच हुशारी नाही. त्यांचा एक बदल अर्धवट राहिला होता. जुना सर्व्हर आता महिनाभरसुद्धा टिकेलसं वाटत नव्हतं, म्हणून मालकांनी मला तो बदल पुरा करून गुरुवारी नवा प्रोग्रॅम चालू करायला सांगितलं होतं.

तो बदल काय होता ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाहेरून निरोप येतो तेव्हा त्यावर पत्ता असतो. पत्ता बघून तो निरोप ज्याच्या दारी जातो त्याला आम्ही कंट्रोलर म्हणतो. सकाळचा निरोप सकाळच्या कंट्रोलरकडे, बिघाडाचा बिघाडाच्या कंट्रोलरकडे. जुन्या पद्धतीत कंट्रोलर आपलं सामान आपणच बनवायचा. फोन लावायचा आहे, घडवा फोन लावणारा भाग. यादी बघायची आहे, घडवा यादी उघडणारा भाग. नव्या पद्धतीत तो काहीच बनवत नाही. दारावर फक्त लिहून ठेवतो : मला अमुक हवं, तमुक हवं. आणून देण्याचं काम दुसऱ्याचं. त्याला कंटेनर म्हणतात. कोणी काय मागितलं तर काय द्यायचं, हे कंटेनरकडे आधी नोंदवून ठेवावं लागतं. नोंद नसेल तर कंटेनर काही देत नाही. लाल अक्षरांत तक्रार करतो आणि थांबतो. त्या थांबण्यावरच आमचा सगळा भरवसा असतो.

कागाया-सान यांनी एकच कंट्रोलर नव्या पद्धतीत आणला होता, सकाळचा. त्याच्या दारावर पाच गोष्टी मागितल्या होत्या. चार ओळखीच्या होत्या. पाचवीचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘मिमाई’.

आमच्याकडे कुणी आजारी असलं, अडचणीत असलं, की आपण त्याच्याकडे जाऊन बसतो, विचारपूस करतो, ती मिमाई. प्रोग्रॅममध्ये मात्र ते नुसतंच नाव होतं. काय हवं ते लिहिलं होतं, पण ते करणारं कुणी अख्ख्या प्रोग्रॅममध्ये नव्हतं. मी तीनदा शोधलं.

“नारिता-सान, कागाया-सान मिमाई कशाला म्हणायचे?”

“जायचे त्याला.” त्या किटलीतलं पाणी ओतत म्हणाल्या. “सुरुवातीला तीसच घरं होती ना. निरोप आला नाही आणि फोनही उचलला नाही, की हा गाडी काढून निघायचा. मी म्हणायची, अहो, तुम्ही प्रोग्रॅम लिहायला आहात की सुनेचं काम करायला? तर म्हणायचा, प्रोग्रॅमला पाय नाहीत, मला आहेत.”

पुढचं मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात ते असेच निघाले, वादळात गाडी अडकली, आणि उरलेलं अंतर ते चालत गेले. दुसऱ्या दिवशी सापडले. ज्यांच्याकडे निघाले होते त्या आजींना काहीही झालेलं नव्हतं. उशिरापर्यंत झोपल्या होत्या, एवढंच.

मी कामाला लागले. कंट्रोलर उभे करायचं काम कंटेनरकडे सोपवलं, बेचाळीस गोष्टींची नोंद केली. मिमाईची केली नाही. आधी ती लाल तक्रार डोळ्यांनी बघायची होती. आपण जिथे पोकळी ठेवली आहे तिथे ती खरंच आहे ना, हे बघून घ्यायची माझी सवय आहे.

नऊ वाजून बारा मिनिटांनी मी चाचणीच्या यंत्रावर हाताने एक निरोप पाठवला. ग्राहकांच्या यादीची प्रत तिथे होती. तिच्यातला कुठला तरी आकडा घेतला, दोनशे बारा. अर्थ असा : दोनशे बारा नंबरचा पॉट गप्प आहे, काय करायचं?

तक्रार आली नाही. उत्तर आलं.

‘गेलो होतो. दार उघडं आहे. पाय हलत नाही. पाणी दिलं.’

मला भीती वाटली नाही. तुम्हाला वाटेल मी बढाई मारते आहे, पण त्या क्षणी खरोखर चीडच आली. कागाया-सान यांनी चाचणीसाठी कुठेतरी नमुन्याचं वाक्य लिहून ठेवलं असणार असं वाटलं. ते वाक्य सगळीकडे शोधलं. नव्हतं. कंटेनरकडून त्याची यादी छापून घेतली. बेचाळीस नावं, मिमाई त्यात नाही. मग हिशेबाचा लॉग उघडला. प्रत्येक निरोपासाठी कंटेनर ज्या वस्तू बनवतो त्या काम संपल्यावर सोडून देतो, आणि दोन्हीची नोंद ठेवतो. तिथे लिहिलं होतं : बनवल्या पाच, सोडल्या चार.

पाचवी कुठे होती?

मी दुसरा आकडा पाठवला. सत्याऐंशी. उत्तर आलं, ‘ठीक आहेत. झोपल्या आहेत. खिडकीला मांजर.’

“नारिता-सान,” मी म्हणाले, “सत्याऐंशी नंबरला एक फोन लावाल?”

“आत्ता? त्या ओनो आजी. दहाच्या आत उठवलं तर मला शाप देतील.”

“लावा ना… आणि खिडकीत मांजर आहे का विचारा.”

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि फोन लावला. बराच वेळ वाजला. मग पलीकडची कुरकुर मलाही ऐकू आली. नारिता-सान यांनी माफी मागितली, मांजराचं विचारलं, पुन्हा माफी मागितली, आणि फोन ठेवला.

“शेजाऱ्यांचं आहे म्हणे. काचेला नाक लावून बसलंय.” आणि मग हळू आवाजात, “तुला कसं कळलं, शिओरी-चान?”

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी दोन्ही उत्तरं वाचली. पहिलं दोनदा वाचलं.

“दोनशे बारा म्हणजे फुसा आजी,” त्या म्हणाल्या. “पण त्यांचा निरोप आलाय की. सहा चाळीसला. जुन्या यंत्रावर दिसतोय बघ.”

तरी त्यांनी फोन लावला. फुसा आजी तिसऱ्या घंटेला उचलणाऱ्यांपैकी. तीन झाल्या, दहा झाल्या, वीस झाल्या. नारिता-सान यांनी रिसीव्हर ठेवला आणि स्टोव्ह बंद केला.

“बूट घाल.”

गाडी त्याच चालवत होत्या. फुसा आजींचं घर शेवटच्या वस्तीत, डोंगराला टेकून. बर्फ बाजूला सारणारं यंत्र पुढे चाललं होतं आणि त्याच्या मागून आम्ही पंचवीस मिनिटं सरपटत गेलो. एकदा फक्त नारिता-सान म्हणाल्या, “पॉटचं बटण दाबलंय ना सकाळी. म्हणजे उठल्या असणार.” मी हो म्हटलं.

दार उघडं होतं. वीतभर. आतल्या पायरीवर बर्फाची रेघ आली होती.

आजी ओसरीत पडल्या होत्या, उजवा पाय नको तसा वळलेला. अंगावर दोन रजया होत्या. एक खाली, एक वर, कडा नीट खोचलेल्या. उशाशी कप होता. मी कप उचलला. अजून कोमट होता.

“उशीर केलात,” आजी म्हणाल्या. आवाज बारीक होता पण शुद्ध होती. “दोघी येतील म्हणाला होता. मी म्हटलं, कसल्या येतात.”

“कोण म्हणाला, आजी?” नारिता-सान यांनी विचारलं.

“तुमचा माणूस. तुमच्या कंपनीचा.”

त्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला पडल्या होत्या. पॉट आतल्या खोलीत होता, उंच फळीवर; सकाळचं बटण त्यांनी दाबलेलं असणं शक्यच नव्हतं. अँब्युलन्सवाल्याने वर बघितलं, पायाकडे बघितलं, आणि म्हणाला, अशा अवस्थेत रात्र काढली म्हणजे कमाल आहे. रजया कुणी घातल्या हे त्याने विचारलं नाही. आम्हीच घातल्या असं त्याला वाटलं असणार.

परतताना नारिता-सान यांनी एका ठिकाणी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. रडत नव्हत्या. हसतही नव्हत्या.

“पाय आहेत म्हणायचा,” त्या म्हणाल्या. “अजून आहेत वाटतं.”

पुढचे तीन दिवस मी त्या एका ओळीचा विचार करत होते. एक ओळ लिहिली असती की पोकळी बुजली असती : मिमाई मागितली तर हे द्या. शहाणा माणूस तेच करतो. कोण येणार हे न सांगता दारावर ‘कुणीतरी हवं’ असं लिहून ठेवत नाही. पण ती ओळ लिहिली तर जो येत होता तो यायचा थांबणार, हेही मला कळत होतं. अकराशे घरं. त्यांतली किती माणसं सकाळी सहाला पडतात आणि दहापर्यंत कुणाला कळत नाही, हे मी दोन वर्षं लॉगमध्ये वाचत होते. मला ते आकडे पाठ होते, नारिता-सानना ती नावं पाठ होती.

“राहू दे त्याला,” त्या बुधवारी म्हणाल्या. “कुणाचं वाईट करतोय? जिवंतपणी पगारी सुट्टी घेतली नाही त्याने, आता काय घेणार.”

मालकांना आम्ही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

गुरुवारी सकाळी साडेआठला मी भिंतीकडच्या नव्या यंत्रावर नवा प्रोग्रॅम चालू केला. मिमाईची नोंद न करता. मग नारिता-सानना यंत्रापाशी बसवून मी इस्पितळात गेले, फुसा आजींची विचारपूस करायला. सोबत मोसंबीची पेटी नेली. खिडकीशी खाट होती, पाय वर टांगलेला, चेहरा टवटवीत. शेजारच्या बाईशी त्या लोणच्याच्या मुळ्यावरून वाद घालत होत्या. मला बघून आवाज खाली आणला.

“पोरी, एक काम करशील? घरून माझा पॉट आणून दे. इथलं पाणी जात नाही मला. त्या दिवसापासून दुसरं पाणीच जात नाही.”

“आणते. आजी, तो माणूस… हाच होता का?”

नारिता-सान यांनी त्यांच्या फोनमधला एक फोटो मला पाठवून ठेवला होता. वर्षअखेरच्या जेवणातला, कागाया-सान मध्ये बसलेले, उंच, जाड भिंगांचा चष्मा, हातात ग्लास, थोडे अवघडलेले. आजींनी फोन जवळ धरला, लांब धरला.

“हा होय,” त्या म्हणाल्या. “हा पण होता.”

“पण?”

“हा बाहेर होता. खिडकीबाहेर, बर्फात. आत आला तो दुसरा.”

मी खुर्चीवर पुढे सरकले. “दुसरा कसा होता, आजी?”

त्यांनी बराच विचार केला. “चांगला होता. बूट काढले नाहीत, तेवढं सोड. रजया घातल्या, पाणी दिलं. चेहरा… चेहरा आठवत नाही बघ. समोर असतानाही आठवत नव्हता.” त्या फोटोकडे पुन्हा वळल्या. “हा बिचारा मात्र रात्रभर उभा. आत ये म्हटलं तर येईना. काचेवर हात मारत होता. मी कप तोंडाला लावला की मान हलवायचा. अशी.”

आणि त्यांनी मान हलवून दाखवली. डावीकडून उजवीकडे, हळू, पुन्हा पुन्हा. लहान मूल काही तोंडात घालत असताना आपण लांबून हलवतो तशी.

“तुम्ही प्यायलात?”

“तहान लागली होती गं.”

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून चौतीस मिनिटं झाली होती. मी बाहेर येऊन फोन लावला.

“नारिता-सान, बंद करा. भिंतीकडचं यंत्र, मागची वायर ओढून काढा.”

“काय झालं?”

“आधी काढा.”

त्यांनी काढली. श्वास लागलेला मला ऐकू येत होता. मग त्यांनी पडद्यावर शेवटी दिसलेलं आठवून सांगितलं. दहा वाजता तीन पॉट गप्प होते. तिन्ही निरोप सकाळच्या कंट्रोलरकडे गेले होते. तिन्ही उत्तरं एकसारखी होती : ‘गेलो होतो. पाणी दिलं.’

मी ऑफिसात आले आणि ती ओळ लिहिली. मिमाई मागितली तर नारिता-सानच्या टेबलावर घंटी वाजवा, एवढंच. प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. बनवल्या पाच, सोडल्या पाच. यंत्र बंद करून चालू केलं की कंटेनर रिकामा होतो, आधीचं काही उरत नाही. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. नारिता-सान यांनी मधल्या वेळात तिन्ही घरी फोन केले होते. तिघंही उठले होते, तिघंही ठीक होते, आणि कुणीही आलं नव्हतं.

“आता घाबरवू नकोस मला,” त्या म्हणाल्या, पण गाडीची किल्ली त्यांनीच माझ्या हातात दिली.

पहिल्या घरी आजोबा अंगणातला बर्फ फावड्याने काढत होते. त्यांनी मला ओरडून सांगितलं की सकाळी दोनदा विचारपूस म्हणजे अति होतं. दुसऱ्या घरी आजी टीव्ही बघत होत्या. दोघांच्या घरी मी पॉट तपासले, खिडक्या बघितल्या, काही वेगळं दिसलं नाही. माझ्या खांद्यांवरचं ओझं जरा उतरलं. म्हाताऱ्या बाईला पडल्यावर ताप चढला असेल, तापात माणसाला काहीही दिसतं, असं मी स्वतःला सांगायला लागले.

तिसरं घर हिनुमा-सान यांचं. वय एक्क्याण्णव, पूर्वी शाळामास्तर. दुपारचे अडीच वाजले होते, आभाळ उघडलं होतं, आणि उन्हाने बर्फ इतका चमकत होता की आत गेल्यावर क्षणभर मला काही दिसेना. त्यांनी मला कोतात्सूपाशी, म्हणजे खाली शेगडी आणि वर रजई असलेल्या बैठ्या टेबलापाशी बसवलं, पाय उबेत घालायला लावले, धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं पुढे केलं. नाही, सकाळी कुणी आलं नव्हतं. जरा उशिरा उठलो, एवढंच. त्यांनी पॉटचं बटण दाबून चहा केला आणि माझ्यापुढे ठेवला. थंडीत तीन घरं फिरून माझी बोटं बधिर झाली होती. मी कप दोन्ही हातांत धरला. चहाला चव चांगली होती, नेहमीपेक्षा चांगली. मी त्यांना शाळेचं विचारलं, ते सांगत होते, कुठल्या वर्षी किती मुलं होती ते.

बोलता बोलता ते थांबले. माझ्या खांद्यावरून मागच्या खिडकीकडे बघत होते.

“तुमच्याबरोबरचे ते आत का येत नाहीत?” त्यांनी विचारलं.

“मी एकटीच आले आहे, हिनुमा-सान.”

“हो का?” त्यांनी डोळे बारीक केले. मास्तरांची सवय, नीट बघितल्याशिवाय बोलायचं नाही. “उंच आहेत. चष्मा आहे. मघापासून तुम्हाला काहीतरी सांगतायत… मान हलवतायत.”

मी वळले नाही. हातातल्या कपाकडे बघितलं. अर्ध्याहून जास्त रिकामा झाला होता.